एका आढ्याखाली

"त्यांना सांगा, सही मिळणार नाही," आबा म्हणाले.

बिरनाळे सेक्रेटरींनी मान वळवली आणि लाकडी कठड्याच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, वेताच्या खुर्चीत बसलेल्या पोंक्षेकाकांना सांगितलं, "ते म्हणत्यात, सही मिळणार नाही."

"ऐकलं," पोंक्षेकाका म्हणाले. पण बिरनाळ्यांना नाही, पायाशी पसरलेल्या कुत्र्याला. "मेजर, त्यांना विचार, का मिळणार नाही."

मेजरने एक कान हलवला. बिरनाळ्यांनी रुमालाने मान पुसली. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात नुकतंच पडलं होतं, आणि आमच्या जोडबंगल्यात बोलायची पद्धत काय आहे हे त्यांना कोणी समजावून दिलं नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तीन कप होते. त्यातला एकही कठड्यापलीकडे जायचा नव्हता.

सांगलीतली आमची सहकार कॉलनी त्या वेळीच पन्नाशी उलटलेली होती. ऐसपैस बैठे बंगले, लाल मंगलोरी कौलं, पुढे लाकडी जाळीचा व्हरांडा, मोटार असो-नसो मोटारीसाठी पोर्च, आणि फाटकावर संगमरवरी पाटीत घराचं नाव. गावातले लोक तिला साहेबवाडी म्हणत. साहेब त्यात एकही नव्हता. वकील, मामलेदार, कॉलेजातले प्रोफेसर होते, आणि साहेबापेक्षा त्यांचाच तोरा जास्त होता. सगळे बंगले सुटे. आमचाच तेवढा जोड. माझे आजोबा इंगवले वकील आणि पोंक्षेकाकांचे वडील पोंक्षे वकील दिवसभर कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि संध्याकाळी एकाच छत्रीतून घरी यायचे. त्यांनी शेजारशेजारचे दोन प्लॉट घेतले आणि त्यावर एकच लांबलचक घर बांधलं. मधे भिंत, दोन्हीकडे खोल्या सारख्या, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सागवानी आढं.

दोघेही काटकसरीत एकमेकांना हार जाणारे नव्हते. छप्पर एक, तर शांतही एकच, असं म्हणून दोघांनी मिळून एकच वास्तुशांत केली. चांदीचा इवलासा वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरला. आग्नेय कोपरा गेला पोंक्ष्यांच्या स्वयंपाकघरात. दोन घरांना एक वास्तुपुरुष, तोही एकाच्या चुलीपाशी. एकट्याने ही चूक केली असती तर दुसऱ्या वकिलाने पकडली असती. दोघांनी मिळून केली म्हणून ती राहून गेली.

त्या घरात माझे वडील, म्हणजे आबा, आणि पोंक्षेकाका एका वर्षाच्या अंतराने जन्मले, एका विहिरीत पोहायला शिकले. मी सांगतेय त्या दिवशी मात्र त्यांना एकमेकांशी बोलून अकरा वर्षं झाली होती.

"बघा की साहेब," बिरनाळे आबांना समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोंक्षेसाहेबांना मुलाकडं बडोद्याला जायचंय. गिऱ्हाईक आलंय. तो त्यांचा अर्धा भाग पाडणार. जोडबंगल्याचा एक भाग पाडायचा तर दुसऱ्याची संमती पायजे, हा सोसायटीचा जुना नियम. तुमच्या बाजूला नवी भिंत तो स्वखर्चानं घालून देतोय. आढं तिथं नीट तोलून कापणार. मग अडतंय कुठं?"

"अडतंय ते त्याला माहीत आहे," आबा म्हणाले.

"मेजर, सांग, मला माहीत नाही."

"खोटं बोलतोय म्हणावं."

"मेजर, सांग, वकिली करून ज्यांनी घर चालवलं त्यांनी खोट्याची गोष्ट करू नये."

बिरनाळ्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली. मला त्यांची कीव आली, पण त्याहून जास्त माझी स्वतःची आली. कारण त्या सहीवर पोंक्षेकाकांची सुटका अडली होती, तशी माझीही.

मी एकतीस वर्षांची होते. कराडच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा मला मिळाली होती. तिथेच राहायचं, तिथल्याच शाळेत शिकवायचं. सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाणार होती, आणि हा शनिवार होता. आईला आनंद झाला होता, पण तो तिने पदराखाली झाकून ठेवला होता. आबांनी एकच वाक्य टाकलं होतं, "तो पोंक्षे पलीकडं राहतोय तवर तू हलायचं नाहीस."

आणि पोंक्षेला ते हलू देत नव्हते. म्हणजे आबा सही देत नाहीत म्हणून पोंक्षेकाका अडकलेले, आणि पोंक्षेकाका आहेत म्हणून मी. कुठल्याही वकिलाने पक्षकाराला यापेक्षा पक्कं अडकवलं नसेल.

मी हलायचं नाही ते एका दिव्यासाठी. रोज तिन्हीसांजेला व्हरांड्यातल्या कोनाड्यात, पोंक्षेकाकांच्या खुर्चीतून सरळ दिसेल असा, तेलाचा दिवा लावायचा. तो मीच लावायचा. आईने माझा भाऊ रणजित गेल्यापासून दिव्याला हात लावला नव्हता. मला ताप असो, परीक्षेचे पेपर तपासायचे असोत, मैत्रिणीचं लग्न असो, संध्याकाळी मी त्या कोनाड्यापुढे हवीच. मिरजेच्या एका बऱ्या स्थळाला आबांनी याच पायी नकार कळवला होता. दिवा लागला की आबा आत जायचे, मधल्या भिंतीला तोंड करून उभे राहायचे आणि घसा खाकरून मोठ्यांदा म्हणायचे, "पोंक्षेच्या घराचं वाटोळं होवो." एकदाच. मग हातपाय धुऊन जेवायला बसायचे.

"आवं, तिन्हीसांजचं असलं बोलू नये," आई आधी आधी म्हणायची, "वास्तू तथास्तु म्हणती."

"म्हणू दे की. त्यासाठीच बोलतोय."

पुढे आईने बोलायचं सोडलं. त्या वेळेला ती न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडायची. या सगळ्याचं कारण आमच्या घरात कोणी तोंडाने उच्चारत नसे.

"बरं," आबा एकाएकी म्हणाले आणि खुर्चीत पुढे सरकले. "सही देतो."

बिरनाळ्यांनी खिशातून घाईघाईने पेन काढलं.

"एका अटीवर. तो घर पाडून मोकळा होणार, पण माझं घर उभं राहणार. मग वास्तुपुरुष उभ्या घरात नको का? त्याच्या स्वयंपाकघरातनं तो उकरून काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा. आज. माझ्यासमोर."

बिरनाळ्यांचा चेहरा उजळला. "हे एवढंच होय? अहो, रास्तच आहे की. पोंक्षेसाहेब, द्या बघू काढून. तासाभराचं काम."

पोंक्षेकाकांनी मेजरच्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"मेजर, त्यांना सांग, मिळणार नाही."

"का मिळणार नाही?" बिरनाळ्यांचा तोल सुटला. "काय ओ काका, चांदीचा तुकडा तो, काय करणार नेऊन?"

"माझ्या जमिनीतलं आहे. मी देणार नाही."

"बघा," आबा मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी रणजित गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "बघितलंत? ह्याला नुसतं जायचं नाही. वास्तू घेऊन जायचंय. इथं मला तसाच ठेवून. जा बिरनाळे, कागद घेऊन जा. मी मरेपर्यंत सही नाही, आणि मी मेल्यावर ही आहे."

ही म्हणजे मी. मी मरेपर्यंत.

मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच संताप आला. बापाचा आला याची लाजही वाटली नाही. मी ट्रे जमिनीवर ठेवला, मागल्या दारी गेले, नारळाच्या आळ्यापाशी टेकवून ठेवलेली पहार उचलली आणि परत येऊन साडीचा ओचा खोचून कठडा ओलांडला. अकरा वर्षांत त्या कठड्यावरून आमच्या घरातलं कोणी पलीकडे गेलं नव्हतं. मेजर उठून उभा राहिला, पण भुंकला नाही.

"माले," आबांचा आवाज चढला. "इकडं ये."

"तुम्हाला वास्तुपुरुष पायजे ना? आणते."

"मी कुणाच्या घरात शिरायला सांगितलं नव्हतं."

"मग काय तो आपल्या पायानं चालत येणार होता?"

पोंक्षेकाका मला अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी अडवलं नाही. खुर्चीच्या हातांना धरून ते उठले आणि माझ्या मागोमाग आत आले. घर आमचंच, पण उलटं. आमच्याकडे डावीकडे ते इथे उजवीकडे. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो होता. त्या गेल्या त्याच पावसाळ्यात आमचा रणजितही गेला होता. स्वयंपाकघरात काकांचं एकट्याचं एक पातेलं आणि एक ताट उपडं घातलेलं होतं. लहानपणी काकू मला याच कोपऱ्यात पाटावर बसवून तूप-मेतकूट-भात भरवायच्या. हट्ट केला की म्हणायच्या, "चांगलं बोल गं, खाली वास्तू बसलीय."

मी कोपऱ्यात पहार टेकवली आणि थांबले. सगळीकडे जुनी शहाबादी फरशी, वर्षानुवर्षांच्या वावराने गुळगुळीत झालेली. कोपऱ्यातली तेवढी एक फरशी खरखरीत होती, आणि तिच्या कडेचं सिमेंट वेड्यावाकड्या हाताने लिंपलेलं. गवंड्याचा हात तो नव्हता.

"ही नंतर बसवलेली आहे, काका."

"हो."

"खाली काय आहे?"

"माती."

"आणि वास्तुपुरुष?"

बाहेरून आबांची हाक आली, "सापडला का?" कठड्याला पोट टेकून ते जमेल तितके आत वाकले असणार, इतकी ती जवळून आली.

 पोंक्षेकाका वळले, हळूहळू चालत व्हरांड्यात गेले. मी पहार घेऊन मागे. आई आमच्या दारात येऊन उभी होती. बिरनाळे कागद छातीशी धरून बसले होते. त्यांना उठून जावंसंही वाटत होतं आणि जाववतही नव्हतं.

"मेजर," पोंक्षेकाका म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टा धरला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मेजर, त्यांना सांग, तो तिथे नाही. मी उकरून काढला आणि कृष्णेत सोडून आलो."

"कधी?" आबांनी विचारलं. त्यांनी कोणालाही 'विचार त्याला' असं सांगितलं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

"रणजितचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं ते कारण आता पोंक्षेकाकांनीच उच्चारलं, कुत्र्याकडे पाहत, सावकाश, फळ्यावर गणित मांडावं तसं. जन्मभर त्यांनी कॉलेजात गणितच शिकवलं होतं.

त्या पावसाळ्यात काकू हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. आमच्या रणजितने नवी राजदूत मोटारसायकल घेतली होती. एकोणीस वर्षांचा पोरगा, गाडी सुरू केल्यावर पोर्चमध्येच मूठ पिळत बसायचा. काकांनी दहादा सांगून पाहिलं. आबांनी लाडक्या पोराला एकदाही रागे भरलं नाही, उलट काकांनाच म्हणाले की कापसाचे बोळे घाला कानात. एका संध्याकाळी राजदूतच्या धडधडाटाने काकूंचा श्वास कोंडला. काका ओरडत व्हरांड्यात आले. तिन्हीसांजेची वेळ, मी दिव्याची वात सारखी करत होते. सगळ्यांसमोर ते आबांना म्हणाले, "यशवंता, या माजाने तुझ्या घरात दिवा लावायला माणूस उरणार नाही."

महिना उलटायच्या आत मिरज रस्त्यावर एका ट्रकने रणजितला उडवलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी काकूही गेल्या. आबा त्यांना खांदा द्यायला उठले नाहीत.

"मी ते बोललो," काका म्हणाले. "आणि वास्तूने ऐकलं. मी गणिताचा माणूस, मला असल्या गोष्टी खऱ्या वाटत नव्हत्या. पण पोराचं तेरावं झालं आणि मला माझ्या तोंडाची भीती वाटायला लागली. पुन्हा रागात काही निघून गेलं तर? ऐकणारं कोणी घरात राहायलाच नको, म्हणून काढला. इथे तेव्हापासून काहीच नाही, मेजर. सांग त्यांना."

 विहिरीवरच्या रहाटावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

आबा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. "म्हणजे," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी बोललो ते..."

"भिंतीशी," पोंक्षेकाका म्हणाले. "मी रोज ऐकत होतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.  "मला वाटायचं," ते आईला म्हणाले, "ह्याचं एकदाच बोललेलं खरं झालं. मी रोज बोलतोय तर माझं का होत नाही. ह्याचा पोरगा तिकडं बडोद्यात चांगला चाललाय. मला वाटायचं, वास्तूसुद्धा त्याच्याच बाजूची."

"बरं झालं," आई म्हणाली. अकरा वर्षांत त्या विषयावर ती पहिल्यांदा बोलत होती. "बरं झालं नव्हता तो. तुमचं एक तरी खरं झालं असतं म्हणजे? वैनींनी ह्या मालीला भरवलंय त्या घरात."

मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच. रिकाम्या घराला ऐकवण्यासाठी माझी इतकी वर्षं संध्याकाळी त्या कोनाड्यापुढे गेली होती, आणि भिंतीच्या एका बाजूच्या माणसाला ते ठाऊक होतं. मी पोंक्षेकाकांना तसं तोंडावर विचारलं. "काका, तुम्ही सांगितलं का नाही? मला तरी?"

"शिव्या खायला मला माणूस हवा होता," ते म्हणाले. पहिल्यांदाच कुत्र्याकडे न पाहता. "रोज तेवढी वेळ आली की बरं वाटायचं. तुझं काय होतंय ते दिसत होतं. पण माझंच आधी पाहिलं."

त्यांना मी तेव्हा माफ केलं नाही. आज तिथे चार मजली इमारत आहे, आमच्या अर्ध्या बंगल्याला नवी भिंत आहे आणि आढं तिच्यावर टेकलेलं आहे. सुट्टीत आले की मी अजून त्या भिंतीशी जरा घुटमळते. माफ केलं का, ते अजूनही नक्की सांगता येत नाही.

आबांनी हात पुढे केला. "आणा तो कागद."

बिरनाळ्यांनी कागद कठड्यावर ठेवला. आबांनी सही केली, नेहमीची वळणदार, खाली दोन रेघा मारलेली. पेन परत करताना म्हणाले, "त्यांना सांगा, सही दिली म्हणजे माफ केलं असं नाही."

बिरनाळ्यांनी तोंड उघडलं, पण पलीकडून उत्तर आधी आलं. "मेजर, त्यांना सांग, माफी मी मागितलेली नाही. ती मागून मिळण्यासारखी गोष्ट नव्हती."

बिरनाळे कागदाची घडी घालून जे निघाले ते फाटक लावायलाही थांबले नाहीत.

मी आत गेले. पत्र्याची ट्रंक काढली आणि साड्या भरायला बसले. कोणी मला जा म्हणालं नव्हतं, पण राहा म्हणणारंही आता कोणी उरलं नव्हतं. आई शेजारी येऊन बसली आणि माझ्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिली. उजेड उतरला. रोजची वेळ झाली तसे माझे हात आपोआप थांबले, आणि मी मुद्दाम पुढची साडी उचलली. आईने माझ्याकडे पाहिलं. तीही उठली नाही. न्हाणीघरातला नळ त्या दिवशी कोणी सोडला नाही.

व्हरांड्यात दोघेही आपापल्या खुर्चीत होते. आबा भिंतीपाशी आले नाहीत. खोलीत ट्रंकेचं झाकण दिसेनासं झालं, आणि बाहेर कोनाडा काळा पडला. मला आबांच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. बसलेला माणूस बसवत नसल्यासारखा हलत होता.

मग पलीकडून आवाज आला. कुत्र्याला उद्देशून नाही.

"यशवंता, दिवा लाव."

 मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "मला शिकवतोय," आबा पुटपुटले. त्यांची पावलं व्हरांड्यातून आत आली, अंधारात चाचपडत स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिथे डबे हलले, एक भांडं पडलं. पावलं परत फिरली आणि आमच्या खोलीच्या दारात येऊन थांबली.

"माले," आबांनी विचारलं, "काडेपेटी कुठं असती?"

"फळीवर," मी म्हणाले. "डाव्या हाताला, तेलाच्या बुधल्यामागं."